दहावे ठिकाण : मधुकूप

२४ मार्च, सोमवार

जळगावात दाखल झालो. मालकांनी धुळ्याची आवृत्ती गुंडाळली, आणि तिच्यासोबत गुंडाळलेला मी इकडे पोचता झालो. सामान म्हणजे एक कुलर, दोन पेट्या, एक जाडा संस्कृत कोश आणि पन्नाशीतला एक गुडघा. या सगळ्यांत कुलरची प्रकृती बरी आहे.

खोली पिंप्राळ्याकडे मिळाली. घरमालकीण बेबाबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. नवरा जाऊन तीन-चार वर्षे झाली. भडगावला गिरणाकाठी केळीचा मळा आहे, तो मुलगा हितेंद्र बघतो. त्याचे लग्न मागच्याच वर्षी झाले. सून मोनाली साक्रीची निघाली. मी धुळ्याकडचा हे कळताच तिने मला मामा करून टाकले. इतकी वर्षे बातम्यांखाली नाव छापून जे नाते जमले नाही, ते तिने चहाच्या एका कपात जमवले. संध्याकाळी खालून कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत आले. जळगाव मला आवडणार.

रविवारच्या पुरवणीचे संपादक लोटनभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि ते मला विसरू देत नाहीत. मला शास्त्रीबुवा म्हणतात. पहिले काम दिले ते उन्हाळी सुट्टीचे : अंदमानच्या बेटांवरची दहा अपरिचित ठिकाणे. मी समुद्र एकदाच पाहिला आहे, शाळेच्या सहलीत, एस.टी.च्या खिडकीतून. तेव्हाही मधे कोणाचे तरी डोके होते.

२७ मार्च, गुरुवार

भडगावचा एक जवान पूर्वी तिकडे नेमणुकीवर होता. त्याने फोनवर नऊ ठिकाणे सांगितली : चिखल उकळतो ती टेकडी, चुनखडीची गुहा, पोपटांचे बेट, वाळूत रुतलेले जुने जहाज वगैरे. माणूस मोकळा, पण नवापुढे त्याचे बेट संपले. लोटनभाऊंना दहाच हवीत. नऊ म्हणजे पंगतीतून कोणी उठून गेल्यासारखे दिसते म्हणाले. मथळा छापायला गेला होता. तासाभराचा अवधी होता.

तर्कशास्त्रात नसलेल्या वस्तूंची ठरीव उदाहरणे आहेत : सशाचे शिंग, वांझेचा मुलगा, आकाशातले फूल. मी त्यात एकाची भर घातली. नाव ठेवले मधुकूप. कोळ्यांच्या शेवटच्या वस्तीपलीकडे खडकांची एक सोंड समुद्रात गेली आहे, तिच्या टोकाला विहीर आहे, चारी बाजूंनी खारट आणि आत नारळासारखे गोड पाणी. विहीर म्हणून धरणगावची, आजोळची उचलली, पायऱ्यांसकट. भोवती समुद्र कल्पनेतला. ‘ओहोटीला चालत जावे’ असे ठसक्यात लिहिले. ओहोटी किती वेळ टिकते ते जवानाला विचारायचे राहिले. पण आपल्या गिरणेचे पाणी एकदा गेले की धरणातून पुन्हा सोडेपर्यंत पात्रात पोरे क्रिकेट खेळतात. समुद्रही तेवढी रीत पाळतच असेल.

परिच्छेद मात्र झकास उतरला. नवांपेक्षा दहावाच खरा वाटतो.

३० मार्च, रविवार, पाडवा

छापून आले. श्रीखंडावर स्तुती. मोनालीने लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. हितेंद्रने कात्रण प्लास्टिकात मढवून आणले. केळीला यंदा भाव बरा लागला, लग्नानंतर कुठे जाणे झाले नव्हते, तर आता तिकडेच जायचे म्हणतो. आणि खास मधुकूप पाहायचा.

मी म्हणालो, बाकीची नऊही चांगली आहेत. मोनाली म्हणाली, नऊ तर सगळेच बघतील मामा, हे तुम्ही आमच्यासाठी लिहिलंत. मी विषय वळवला, उन्हाकडे. अक्कांनी ते हेरले असावे. म्हणाल्या, “काय भाऊ, जागा बरी शे ना? पोरीले समिंदर देखानं शे.” मी मान हलवली. मान हलवणे हे तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलणे नव्हे, असे जिन्यावर स्वतःला समजावत वर आलो.

९ एप्रिल, बुधवार

स्टेशनवर पोचवायला गेलो. हावडा मेल, मग कलकत्त्याहून विमान. अक्कांनी बिबड्यांचे पापड, कळण्याचे पीठ, लोणचे इतके बांधून दिले की बेटावर दुष्काळ आहे की काय असे वाटावे. बाकीची ठिकाणे पळत पळत करू आणि मधुकूपाला अख्खा दिवस ठेवू, असे हितेंद्रने सांगितले. तिथे गेल्यावर कोळ्यांना विचारेल. विचारेल, आणि कोळी सांगतील की असे काही नाही, दोघे हसतील, परत आल्यावर मला चिडवतील. मी गाडी सुटण्याच्या तोंडावर सांगून टाकणार होतो. शब्द ओठावर होता. तेवढ्यात मोनालीने खिडकीतून वाकून नमस्कार केला, आणि मी म्हणालो : ओहोटी बघून जा.

वडीलकीचा सल्ला दिल्याचे समाधान वाटले. तेही लिहून ठेवतो.

१७ एप्रिल, गुरुवार

दोघे आज परत आले. यायला अजून तीन दिवस होते. ऐन दुपारी आले, गल्लीत कुत्रेसुद्धा नव्हते. सामान नाही. हितेंद्र म्हणाला, मागून येते आहे. अक्कांनी मीठ-मोहरी उतरवून आत घेतले.

थोड्या वेळाने दोघे वर आले, माझे आभार मानायला. हितेंद्र म्हणाला, मधुकूप अगदी तुम्ही लिहिलाय तसाच आहे, काका. फक्त तिसरी पायरी फुटकी आहे, जपून उतरावं लागतं.

तिसरी पायरी फुटकी आहे ती धरणगावला. मी ती लिहिली नव्हती.

ते गेल्यावर फरशीवर दोघांच्या पावलांचे ओले ठसे होते. पंख्याखाली वाळले. वाळल्यावर पांढरे दिसले. बोट लावून जिभेवर ठेवले. मीठ.

२० एप्रिल, रविवार

पारा त्रेचाळीसवर. हितेंद्रचा शर्ट तोच आहे आणि वाळत नाही. मोनालीची वेणी ठिबकते. दोघे अंगणातल्या झोक्यावर बसून असतात, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्यतृतीयेसाठी, अक्कांनी तो लवकरच बांधला. हसतात. जेवत नाहीत. पाणी मात्र पितात. अक्का सांगत होत्या, “काय सांगू भाऊ, माठ भरीसन ठेवस, घडीभरमा खाली. आनि म्हनतस, बठ्ठं पानी खारं लागस.” सगळेच पाणी खारट म्हणजे ऊन लागले असेल म्हणून कांदा फोडून दिला, पन्हे दिले. तेही खारट लागले.

मी म्हणालो डॉक्टरला दाखवा. अक्का म्हणाल्या, तुम्ही पंडित, तुम्हीच नाडी बघा. हितेंद्रने हसत मनगट पुढे केले. धरले. ओल्या दोरासारखे. नाडी सापडली नाही. मला नाडी बघता येत नाही, हे खरे आहे. तेच कारण असावे.

२३ एप्रिल, बुधवार

आज कचेरीत बेटावरून फोन आला. तिकडच्या पोलीस चौकीतून. लोटनभाऊंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि चेष्टेने म्हणाले, शास्त्रीबुवा, तुमचा मधुकूप बोलतोय.

हिंदीत बोलणारा सौम्य माणूस होता. मागच्या आठवड्यात, चौदा तारखेला, भरती उतरल्यावर खडकांच्या सोंडेवर दोन प्रेते सापडली, एक पुरुष, एक स्त्री. कोळ्यांनी त्यांना अडवले होते म्हणे. इथे विहीर नाही, आणि पाणी गेले तसे परत येते, पायाखालून, बघता बघता. दोघांनी कात्रण दाखवले. छापलेय म्हणाले. ओळखपत्रे समुद्राने नेली. खिशात तेवढे एक राहिले, प्लास्टिकात मढवलेले. त्यावर माझे नाव होते, म्हणून त्याने मला विचारले. फोटो मोबाइलवर पाठवला.

हितेंद्रचा शर्ट. मोनालीच्या हिरव्या बांगड्या. चेहरे. मी ओळखले.

मी म्हणालो, ओळखत नाही.

घरी झोक्यावर बसले आहेत ते मग कोण, असे मनात आले, हे कारण देता येईल. खरे कारण वेगळे. ‘ओळखतो’ म्हटले असते तर त्याने पुढे विचारले असते, साहेब, ही विहीर कुठे आहे.

तो म्हणाला, कोणी आले नाही तर इथेच उरकू. आभार मानले त्याने माझे.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दोघे वर आले. दार लावलेले होते. उंबऱ्याखालून आधी पाणी आले.

रागावलेले नाहीत. रागावले असते तर सोपे गेले असते. मोनाली कॉटच्या कडेला बसली, माहेरच्या माणसाजवळ बसावे तशी. मामा, आईंना तुम्ही सांगा ना. आम्ही सांगतो तर त्यांना आमचं हसणंच ऐकू येतं. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात ना, तशा आमच्या नावाच्या भरायला सांगा. तेवढंच पाणी आम्हाला गोड लागेल.

हो म्हणालो. आज सांगतो.

सांगितले नाही. जिन्यावरून दोनदा परत फिरलो. अक्का सांजोऱ्यांसाठी रवा भाजत होत्या, आणि गुणगुणत होत्या.

२७ एप्रिल, रविवार

लोटनभाऊ म्हणतात मधुकूपाला मागणी आहे. यावलचे काही लोक जाणार आहेत. पुन्हा छापू, नकाशा द्या.

तेव्हा तरी बोलायचे. तोंड उघडले. जीभ टाळूला चिकटली होती. पाणी प्यालो. खारट.

नकाशा देत नाही एवढे बोललो. का, ते नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

अक्कांनी कुंभाराकडून एक घागर आणली. आबांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावाची. मोनाली म्हणे म्हणाली आमच्याही आणा. एवढे मात्र त्यांना ऐकू गेले. अक्कांनी तिच्या तोंडावर हात ठेवला, असं बोलू नही पोरी. तो हात मग मला दाखवायला आल्या. तळव्यावर चिरा पडल्या होत्या, कडांना पांढरे. विचारलेही. हे काय लागस भाऊ?

उन्हाने, म्हणालो.

चौथे खोटे. की पाचवे. मोजायचे सोडले —

३० एप्रिल, आखाजी

सकाळी अक्कांनी घागर पुजली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवले, सांजोरी, आंबरस. पितरांसाठी विस्तवावर घासाची आगारी टाकली. आबांना हाक मारली. मी जिन्यावर उभा. आता सांगायचे. पुढे झालो —

दोघे झोक्यावरून उठून आत आले. घागरीशी बसले. डांगर काढून बाजूला ठेवले. आळीपाळीने प्याले. तळापर्यंत. हितेंद्र म्हणाला, आई, गोड शे.

अक्कांनी घागर उपडी करून पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. “जित्ता मानूसले ती घागर गोड नही लागत, भाऊ.”

मी वर पळालो.

दुपार

अक्का आल्या होत्या. कुंभाराकडे स्वतः जाऊन आल्या, अशा उन्हात, अनवाणी. दोन कोऱ्या घागरी काखेत. दारातच उभ्या. रडत नव्हत्या. एवढेच विचारले — “खरं सांगा. ती विहीर व्हती का? विहीर व्हती तर पोरं तठे पानी पीसन उनात, जित्ती शेतस, मी घागर भरत नही. नव्हती तर भरस.” विहीर खरी तर पोरे पाणी पिऊन आली, जिवंत आहेत; खोटी तर गेली, घागरी भरायच्या.

दोघे त्यांच्या मागे. मोनाली माझ्याकडे बघत होती. मान हलवत होती, बोला मामा, बोला —

एक शब्द. नव्हती.

मी म्हणालो, व्हती.

अक्कांचा चेहरा उजळला. देवा — तो उजळला. माझ्या पाया पडल्या. घागरी रिकाम्याच घेऊन खाली गेल्या. दोघे गेले नाहीत.

नंतर

बसले आहेत. कॉटवर. हितेंद्र विचारतो, काका, तुमच्याकडे आहे ना गोड पाणी. तुम्हीच लिहिलं होतं. रागाने नाही. तहानेने.

माठ संपला. कुलरमधले संपले. फरशीवर आहे ते पाणी कुठून — घोट्यापर्यंत —

खाली हाक मारतो. अक्का. आवाज नाही. जीभ पांढरी. खाली अक्का पोरांसाठी सांजोऱ्या तळत आहेत, वास येतो —

गुडघ्यापर्यंत. वही उंच धरली आहे. मोनाली वहीला हात लावत नाही. उलट खालून आधार देते. लिहा मामा.

लिहितो. कोणी वाचाल त्यांनी खाली अक्कांना वाचून दाखवा. मधुकूप नाही. कधीच नव्हता. मी केला. पोरे बेटावर आहेत, खडकावर, मी ओळखले होते, फोन करा, आणा त्यांना. घागरी भरा अक्का. माझे ऐकून रिकाम्या ठेवू नका. हाक मारून भरा, नावाने, हितेंद्रच्या नावाने एक, मोनालीच्या नावाने ए