जिन्याखालचा गाळा आणि दारामागचा कीबोर्ड

मी, श्रीमती संयोगिता नानासो पिसाळ, वय ६७, शाळेतून निवृत्त झालेली कारकून, राहणार वाई, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझे मोठे दीर श्री. भाऊसो यांनी दुःखाने माझे डोके फिरल्याचे दोन-तीन घरी सांगितले आहे. मला दुःख आहे. डोके फिरलेले नाही.

हा मजकूर मी स्वतः टाइप केला आहे. त्या वेळी जिन्याखालच्या गाळ्यात कोणी नव्हते. श्रीमती फिरदोस मुलाणी, ज्यांचा उल्लेख पुढे येतो, त्यांना मी मुद्दाम घरी पाठवले होते. हे आधीच लिहिते, म्हणजे नंतर कोणाला शोधून काढण्याचे कष्ट नकोत.

माझे पती कै. नानासो गेल्या वैशाखात वारले. आम्हाला मूल नाही. त्यांच्या पश्चात घर आणि गाळा या दोन्हींवर माझे एकटीचे नाव लागले आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, मी माझी पुतणी सोनम हिला देत आहे. सोनम ही भाऊसोंचीच मुलगी. दिवसकार्यात ती माझ्याजवळ झोपली आणि एकदाही ‘काकू, आता पुढं काय?’ असे तिने विचारले नाही. घर तिच्या एकटीच्या नावे राहील. तिच्या वडिलांनी किंवा भावाने त्यात कुलूप घालू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझ्या आजारपणाचा व कार्याचा खर्च करावा. राहील ते सोनमचे. दागिना म्हणून एक बोरमाळ आहे, तीही तिचीच.

कलम ३. कोर्टासमोरच्या इमारतीतला जिन्याखालचा गाळा. याच्यावरून पुढे बोलणे होणार आहे, म्हणून हे कलम लांबले आहे.

या गाळ्यात माझ्या पतींनी आयुष्यभर दस्त टाइप केले. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, प्रतिज्ञापत्रे. त्यांचा हात टाइपरायटरवर बसलेला होता. कळ दाबायची नाही, ठोकायची, अशी त्यांची सवय. संगणक आल्यावर साधे कीबोर्ड त्यांच्या हाताखाली टिकेनात. म्हणून मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असलेला, घ्यायचा ठरला. जिन्याचा उतार डोक्यावर येत असल्याने टेबल अरुंद. लांब कीबोर्ड ठेवला तर पक्षकाराचे कागद मांडीवर घ्यावे लागत. आणि उजव्या बाजूचे आकडे नसलेला आखूड कीबोर्ड चालणार नव्हता, कारण गट नंबर आणि क्षेत्र याशिवाय दस्तात असते काय? तेव्हा सगळी बटणे असलेला पण बटणांमधली मोकळी जागा काढून आटोपशीर केलेला, असा हवा होता.

पहिला कीबोर्ड सोनमचा भाऊ, माझा पुतण्या धनाजी याच्या सल्ल्याने घेतला. धनाजी पुण्यात कंपनीत आहे. “काका, ह्यो घ्या. अठरा रंगांचं लाइट हाय, रेटिंग लय भारी,” असे त्याने सांगितले. तो प्लॅस्टिकचा होता. पतींनी ठोकले की मधोमध वाकायचा. पावसाळा संपेपर्यंत दोनाचे बटण एकदा दाबले की दोनदा उमटू लागले. एका दस्तात गट नंबर १२ चा १२२ झाला. सही करण्याआधी लक्षात आले म्हणून निभावले, पण पक्षकार सगळ्यांसमोर म्हणाला, “नानासो, डोळं गेलं का तुमचं?” ते घरी येऊन जेवले नाहीत. ज्याने उभ्या जन्मात आकड्याची चूक केली नाही, त्याने दुसऱ्याच्या स्वस्त प्लॅस्टिकपायी हे ऐकून घेतले.

मग मी एकटी एस.टी.ने सांगलीला गेले. तिथे बादशहाभाई म्हणून दुकानदार आहेत. त्यांनी एकाच मापाचे दोन ठेवले. एक धनाजीच्या जातीचा, दुसरा काळा, बिनदिव्याचा.

“हा पिळून बघू का?” मी विचारले.

“पिळून? आवं ताई, ती काय साडी हाय व्हय?”

“दोन कोपरे धरून पिळते. मोडला तर मी भरीन.”

पहिला करकरला. दुसऱ्याला मी जोर लावला तर माझीच मनगटे दुखली. त्याची खालची बाजू अखंड धातूची होती. मग मी दोन्हींच्या मधल्या बटणांवर अंगठा रोवून पाहिला. पहिला खचला, दुसरा नाही. लांब बटणे, म्हणजे एंटर आणि स्पेसबार, टोकाला दाबून पाहिली. पहिल्याची खुळखुळ्यासारखी वाजली. बादशहाभाईंनी आपण होऊन एक बटण उपसून दाखवले. अक्षर वरून छापलेले नव्हते, साच्यातच ओतलेले होते, घासून जाणार नाही असे.

“मालकांसाठी घेताय न्हवं? मग त्यांस्नी आणायचं की.”

“ते दिव्यांना भुलतात,” मी म्हणाले.

“ह्याला दिवं न्हाईत. पर ह्यो वाकायचा न्हाई, ताई. वाकलं तर माणूस वाकंल.”

तो कीबोर्ड माझ्या पतींनी शेवटपर्यंत वापरला. पहिल्या दिवशी तासभर टाइप करून ते एवढेच म्हणाले, “बरा हाय.” त्यांच्या तोंडून हे फार झाले. त्याच्या स्पेसबारवर उजव्या बाजूला त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत डाग पडला.

आता तेराव्याचे लिहिते. आमच्याकडे शय्यादान करतात. गादी, उशी, छत्री, चपला, आणि गेलेल्या माणसाच्या वापरातले काहीतरी गुरुजींना देतात. पतींचे गाळ्यातले सामान धनाजीने घरी आणले होते, आणि मी आतल्या खोलीत बायकांत बसले होते. पडद्याबाहेर भाऊसो म्हणाले, “त्येच्या कामातलं बी एक कायतरी ठेव रं. लोकं बघत्यात.”

धनाजी म्हणाला, “हे काळं डबडं देऊ, आबा. लाइटवाला ऱ्हाऊ दे काकूला. चांगला हाय त्यो.”

डबडे म्हणजे मला जुने पंचिंग मशीन वाटले. मला विचारायला कोणी आत आले नाही. पाहुणे पांगल्यावर पाहते तर काळा कीबोर्ड गेलेला, आणि टेबलावर चार्जरला लावलेल्या दुसऱ्याचे अठरा रंग नाचत होते. “काकू, बघ कसा चमकतोय,” असे म्हणून धनाजी पुण्याला निघून गेला.

दोन्ही बाजूंनी राग येतो. दान द्यायचे तर घरातले चांगले द्यावे. यांनी भंगार म्हणून दिले. आणि भंगार देतानाही नेमकी चांगली वस्तू गेली, कारण हातात घेऊन वजन करण्याचीसुद्धा तसदी कोणी घेतली नाही. सख्ख्या भावाच्या नावाने द्यायची वस्तू, तीही टाकाऊच शोधावी?

महिन्याभराने मी गुरुजींकडे गेले. सोबत फिरदोस होती. फिरदोस नऊ वर्षे माझ्या पतींच्या शेजारच्या खुर्चीवर दस्त टाइप करते. ते गेल्यावर गाळा तिनेच उघडा ठेवला, पहिल्या दिवसापासून. आम्ही उंबऱ्यात पाऊल ठेवले आणि तिने माझा हात धरला. कीबोर्ड दाराच्या मागे जमिनीवर होता.

“तो होय?” गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या. “अहो, नदीकडचा वारा इतका, दार सारखं आपटायचं. याला लावल्यापासून हलत नाही बघा.”

गुरुजी ओशाळले. म्हणाले, “पण ताई, दिलेलं दान परत घेऊ नये. तुम्हालाच दोष लागेल.”

“परत नको मला. पण दाराला नको.”

“मग असं करू. आता वस्तू माझी. मी ती कोणाला द्यावी, सांगा.”

मी फिरदोसकडे बोट केले. त्यांनी कीबोर्ड पंच्याने पुसला, वर नारळ ठेवला आणि विचारले, “मंत्र म्हटलेला चालेल ना तुला?”

“म्हणा की गुरुजी. बिस्मिल्ला मी म्हनते,” ती म्हणाली आणि पदर पुढे केला.

गाळ्यात जाऊन जोडला. एकही बटण अडकले नाही. दुसऱ्या आठवड्यात भाऊसो गाळ्याच्या दारात उभे. फिरदोसच्या देखत म्हणाले, “घरची वस्तू बाहिरच्याच्या हातात दिलीस, आता गाळा बी देतीस का? धनाजी हितं मोबाइलचं दुकान टाकनार हाय. टेबल-बिबल काढून ठेव.”

दारात उभ्याने मी वाद घालत नाही. माझा तो स्वभाव नाही. माझे उत्तर असे: होय, देते. सदर जिन्याखालचा गाळा, त्यातील टेबल, दोन खुर्च्या व संगणकासह, माझ्या पश्चात श्रीमती फिरदोस मुलाणी यांच्या मालकीचा होईल. बाहेरचा कोण ते मी नऊ वर्षांच्या शेजारावरून ठरवले आहे, आडनावावरून नाही.

कलम ४. काळा कीबोर्ड माझ्या मिळकतीत नाही. तो गुरुजींनी फिरदोसला दिला, तेव्हा तिचाच आहे. माझी नसलेली वस्तू मी देऊ शकत नाही, म्हणून फक्त नोंद करते. विनंती एकच. स्पेसबार बदलू नये. हे मृत्युपत्र तिच्या परवानगीने मी त्याच कीबोर्डवर लिहीत आहे. मी डाव्या अंगठ्याने जागा सोडत असे. आज उजव्याने सोडते आहे.

कलम ५. अठरा रंगांचा कीबोर्ड, खोक्यासह, चि. धनाजी यास. त्यानेच तो चांगला म्हणून माझ्यासाठी राखला होता. दोनाचे बटण जपून दाबावे.

कलम ६. या सर्वाची अंमलबजावणी माझे बंधू श्री. बाळासो, राहणार पलूस, यांनी करावी.

कलम ७. माझे शय्यादान करायचे की नाही, हे सोनमने ठरवावे. केले तर गादी नवी द्यावी आणि छत्री उघडून पाहून द्यावी. माझ्या वापरातली वस्तू द्यायची झाल्यास ती आधी हातात घ्यावी, आणि ज्याच्या रोजच्या कामाची असेल त्याला विचारावे. पडद्याच्या आत बसलेल्यालाही विचारावे. त्या दिवशी मला कोणी विचारले नाही. पुढच्या वेळी विचारले तरी मला सांगता येणार नाही, म्हणून आज सांगितले.

वाचून, आकडे दोनदा तपासून, सही केली.

(सही) संयोगिता नानासो पिसाळ

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली. या मृत्युपत्राने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) गोविंद वामन थत्ते, भिक्षुकी, वाई
साक्षीदार २: (सही) बिरदेव मारुती खरात, चहाचे दुकान, कोर्टासमोर, वाई

ठिकाण: वाई, जिन्याखालचा गाळा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५