जुने गिऱ्हाईक, रोख

३ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन शिस्त. वह्या बंद. बॅग दुरुस्तीचं दुकान लहान असलं म्हणून हिशेब का गबाळे असावेत? टॅक्सवाला म्हणाला, काका, स्वस्तातलं एखादं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर कागद माझ्याकडे आणू नका. बजेट : महिना शंभर. आठवड्यात काम फत्ते. वह्या आमची ही लिहायची. ही जाऊन चार महिने झाले. त्यात काय एवढं अवघड.

५ जानेवारी, सकाळी
पहिलं सॉफ्टवेअर. चौदा दिवस फुकट. चार महिन्यांच्या पावत्या भरल्या : चेन, रनर, ट्रॉलीची चाकं. उत्तर लाल अक्षरात. तोटा. सॉफ्टवेअर कच्चं आहे. काढून टाकलं.

९ जानेवारी
दुसरं, त्याहून स्वस्त. तोटा तेवढाच, पैशाचाही फरक नाही. एकमेकांची कॉपी करतात, दुसरं काय.

१२ जानेवारी
पुरावा म्हणून हिची वही काढली. पेन्सिल अजून आत अडकवलेली. दर महिन्याला नफा. थोडा, पण नफा. कारण सापडलं : महिन्याच्या शेवटच्या तारखेला 'जुने गिऱ्हाईक, रोख, २४००'. त्या दिवशी मी माल आणायला जायचो, म्हणून भेट नाही. बहुधा एखादी मोठी कंपनी. माझ्या हातच्या शिलाईची ख्याती. ही गेल्यापासून मात्र फिरकलेलं नाही.

आणखी एक. हिला पानं आधीच आखून ठेवायची सवय. डिसेंबरपर्यंतच्या तारखा हिच्या अक्षरात आहेत. चारही महिनाअखेरींना 'जुने गिऱ्हाईक' लिहिलेलं, पुढे रिकामं. वही मिटली. रात्री दोनला उठून परत उघडली. चहा जास्त झाला असावा.

१९ जानेवारी
फिरून पहिलंच सॉफ्टवेअर. माझ्या नंबरावरचे फुकटचे दिवस संपले, म्हणून हिचा नंबर दिला. खणातला हिचा फोन वाजला आणि सुई बोटात गेली. ओटीपी होता. मग स्क्रीनवर हिच्या नावानं स्वागत.

लेकीनं फोनवर विचारलं, आईचा नंबर अजून चालू कसा? म्हटलं, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. ती म्हणाली, बाबा, त्याच्या रिचार्जला महिना तीनशे जातात आणि तुम्ही शंभराच्या सॉफ्टवेअरसाठी अडून बसलाय. म्हटलं, आवाज तुटतोय.

२४ जानेवारी, दुपारी ३
दुकानात फार शांत. याच वेळी ही वरच्या खोलीत शेजारची पोरं गोळा करून पाढे घ्यायची. फुकटचा कलकलाट बंद कर, असं मी खालून ओरडायचो. आता बंदच आहे. तरी आज सातचा पाढा ऐकू आला, सात पाचे पस्तीसपर्यंत. पंखा दुरुस्त करायला हवा.

३१ जानेवारी
माल आणायला गेलो नाही. दिवसभर काउंटरवर. ते जुनं गिऱ्हाईक आलं की नम्रपणे विचारायचं, आमचं काही चुकलं का. दहा वेळा वाटलं, समोर कोणी उभं आहे. वर पाहिलं की बॅगा. सातला शटर ओढलं.

२ फेब्रुवारी
शेजारीण पोराचं दप्तर घेऊन आली. चेन गेलेली. म्हणाली, बाई गेल्या तसं पोराचं गणितही गेलं. मी म्हटलं, फुकटची शिकवणी बरी होती म्हणायची. तिनं डोळे मोठे केले. फुकट कुठली, काका? सहा पोरं, प्रत्येकी चारशे, शेवटच्या तारखेला रोख. दुकानात मात्र कधी द्यायचे नाहीत, अशी बाईंची सक्त ताकीद.

सहा चोक चोवीस. याला सॉफ्टवेअर लागलं नाही.

चेन बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. अकरा वर्षं मी हिला ऐकवत आलो, घर माझ्या दुकानावर चालतं. ही मान डोलवायची आणि वही लिहायची. लाज वाटते.

३ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर पक्कं केलं. पहिलंच. शंभराच्या योजनेत ग्राहक एकच नोंदवता येतो. पुरे.
ग्राहकाचं नाव : हिचं. नंबर : हिचा. शेवटची भेट : ३१ ऑगस्ट. सेव्ह.

लगेच खणातला फोन वाजला. उठून वाचलं. 'आपण बऱ्याच दिवसांत आला नाहीत. दुकान आपली वाट पाहत आहे. मेसेज नको असल्यास १ पाठवा.'

पाठवला नाही. रिचार्ज सहा दिवसांत संपतंय. उद्या वर्षभराचं करून टाकतो. एकदम केलं की स्वस्त पडतं.