माझ्याविना आवक-जावक

१० फेब्रुवारी १९९७, सोमवार
डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात. आजपासून रोज दहा ओळी. १ मार्चच्या आसपास ऑफिसात हजर. विषय संपला.
उजव्या हाताची तीन बोटं अजून बधिर. रेकॉर्ड रूममधला लोखंडी रॅक हातावर पडला, त्याला तीन महिने झाले. आमच्या अधीक्षक मालतीबाई म्हणाल्या होत्या, हमाल येईपर्यंत थांबा. पण रॅक कसा सरकवतात हे कुणीतरी दाखवायला नको? दाखवलं.
बावीस वर्षं आवक-जावक माझ्याकडे. आलेल्या कागदावर नंबर मी टाकायचा, गेलेल्याची नोंद मी करायची. आता तिथे मुख्तारला बसवलाय. चार वर्षांची नोकरी. बिचारा. कागदांचा ढीग छताला लागला असेल.

१२ फेब्रुवारी
कालच्या दहा ओळी राहिल्या. आजच्या धरून वीस. उद्या एकदम तीस लिहीन.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४
घराजवळच्या, नावडे नाक्यावरच्या पीसीओवरून ऑफिसला फोन. मुख्तार म्हणाला, वामनकाका, सगला बराबर हाय, तुमी टेन्शन नका घेऊ, हाताला जपा. आवाज अगदी शांत. माणूस पुरता बुडाला की असाच शांत होतो.
अरुणाला सांगितलं. ती म्हणाली, किंवा काम खरंच नीट चाललं असेल. बायकोला सरकारी कामाची कल्पना नाही.

३ मार्च
बेलापूरला ऑफिसात हजर व्हायला गेलो. मालतीबाई म्हणाल्या, आधी मेडिकल बोर्डाचा दाखला आणा. मी म्हणालो, नियम मला पाठ आहे, तुम्हाला आठवतोय का ते पाहत होतो.
जाताजाता माझ्या टेबलाकडे नजर टाकली. ढीग दिसला नाही. ड्रॉवरमध्ये कोंबला असणार.

१६ एप्रिल
मेडिकल बोर्ड. डॉक्टरांनी टाचणी उचलायला सांगितली. चार वेळा सुटली. आमच्याकडे टाचण्यांचं काम शिपाई करतो, हे त्यांना समजावून सांगितलं. मग बोटं पाण्यात बुडवून विचारलं, गरम की गार? गार म्हणालो. बाहेर येऊन पाहतो तर बोटं लाल. डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. एवढं लिहितात म्हणजे छाप पडली.

९ मे
ऑफिसचं पत्र. लेखनकामास कायमचा अपात्र. आजारपणामुळे निवृत्ती घेण्यास संमती असल्यास कळवावे. जावक क्रमांक मुख्तारच्या अक्षरात. अक्षर सुबक आहे, मान्य करावं लागेल.
अरुणा म्हणाली, घ्या ना, पेन्शन मिळेल, बसा आरामात घरी. सहा महिने घरीच बसलोय. समोरच्या भिंतीवर रंगाचे पोपडे किती, ते सांगू शकेन. भीती वाटली. तिला म्हणालो पोट बिघडलंय, आणि जेवलो नाही.

१४ मे
युनियनच्या ऑफिसात गेलो. पंचाण्णवचा कायदा निघाला, कलम सत्तेचाळीस. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. झेपेल असं दुसरं काम द्यायचं. तशी जागा नसेल तर त्याच्यासाठी अधिसंख्य पद, म्हणजे जास्तीचं पद तयार करायचं.
अपंगत्व हा शब्द सोडला तर कायदा फार आवडला. माझ्यासाठी सरकार नवीन पद तयार करणार! आमच्या साहेबांसाठीसुद्धा कधी केलं नाही.
अर्ज स्वतः लिहिला, अकरा पानं. अरुणाने एका पानात उतरवला. म्हणाली, तुमचं अक्षर मला एवढंच लागलं.

२८ ऑगस्ट
ऑर्डर आली. अधिसंख्य पद, तोच पगार. जिंकलो! अरुणा रडली. का, ते विचारलं नाही. मला स्वतःला विशेष काही वाटलं नाही. उद्या वाटेल.

१ सप्टेंबर, सोमवार
हजर झालो. अहवालावर डाव्या हाताने सही केली. मालतीबाईंनी सेवापुस्तकाशी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, जुळत नाही हो. सहा महिने गिरवलेली सही! (प्रत्यक्षात नऊ दिवस.) मग अंगठा द्यावा लागला. बावीस वर्षं लोकांचे अंगठे मी घेतले. शाईचं पॅड मुख्तारने पुढे केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं केलं.

२ सप्टेंबर
टेबल मिळालं, पाण्याच्या कूलरपाशी. काय काम करू विचारलं. मालतीबाई म्हणाल्या, तुमच्या पदाची कामं अजून ठरलेली नाहीत, वरून येतील. ठीक. तोवर मुख्तारला मार्गदर्शन.

९ सप्टेंबर
मुख्तारचं रजिस्टर तपासलं. खाडाखोड एकच सापडली. तारीख पाहिली, तर अपघाताच्या आधीची. प्रलंबित काही नाही. त्याचा ड्रॉवरही पाहिला. डबा आणि कंगवा.
त्याने विचारलं, काका, चाय मागवू? ग्लास उजव्या हातात धरून बसलो. थोड्या वेळाने तोच धावत आला, अवो सोडा, हात भाजतोय तुमचा. पाहिलं, तर खरंच भाजला होता.

२९ सप्टेंबर
संकल्प : आवक-जावक सुधारण्यासाठी दहा सूचना लेखी द्यायच्या. दिवसभरात एक सुचली, रजिस्टरला खाकी कव्हर घालावं. जाऊन पाहिलं. घातलेलं आहे.

१३ ऑक्टोबर
अरुणाच्या भाचीचा साखरपुडा, चिपळूणला. दोन दिवसांची किरकोळ रजा हवी. मनाशी हिशेब केला होता, मालतीबाई कुरकुरतील, दोन दिवस कसं जमणार म्हणतील, मग आपण एका दिवसावर यायचं.
रजेचा फॉर्म भरला. शेवटचा रकाना, रजेच्या काळात काम कोण पाहील. पूर्वी तिथे लिहायला लायक माणूसच मिळायचा नाही, म्हणून मी रजा घेत नसे. आज रकाना तसाच ठेवून मालतीबाईंकडे गेलो. विचारलं, इथे कुणाचं नाव घालू?
त्यांनी फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं. अगदी मायेने म्हणाल्या, वामनराव, तिथे आडवी रेघ मारा. आणि दोनच दिवस कशाला, चांगले आठवडाभर जाऊन या.
रेघ मारली. त्यांनी लगेच सही केली.