सुनंदाची घोडेस्वारी सुटली

जाफराबाद, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

सुनंदाची घोडेस्वारी आज सुटली. माझ्यामुळेच.

चाऊसचाचा पोलिसातले निवृत्त घोडेस्वार. नदीकाठच्या माळावर आठ-दहा पोरांना एकत्र शिकवतात. महिन्यापूर्वी मला म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीला अलग शिकवतो. शाम को, एकटीला."

अलग! तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. आम्ही बौद्ध, म्हणून अलग? लहानपणी शाळेत मला असंच अलग, दाराशी बसवायचे. मी ताडकन बोलले, "बिलकुल न्हाई. सगळ्यांच्यात शिकंल ती." चाचा घोड्याकडे वळले. अलग कशासाठी, हे मी तेव्हाच का विचारलं नाही?

आज ती सगळ्यांसमोर घोड्यावरून पडली. पोरं हसली. कोपर खरचटलं, एवढंच; पण पुन्हा चढायला तयार होईना. चाचांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "पोरगीच बोलली होती मला. सगळे बघतात तर भीती वाटते, अलग शिकवा म्हणून. आईला सांगू नका, ती चिडंल, असं पण बोलली."

अलग हवं होतं ते तिला. आणि मी काय ऐकलं?

घरी येऊन तिला म्हणाले, "उद्यापासून एकटीच शीक. मी येते सोबत."

ती कोपरावर फुंकर घालत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नको आई. मला आता घोडाच नको."

मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करू? दहा वर्षांच्या पोरीनं आपली भीती चाचांना सांगितली. मला सांगायला घाबरली.