विहिरीमागची धामण

२४ ऑगस्ट, सकाळी ८
नेऱ्याच्या फार्महाऊसवर कायमचा मुक्काम. दिवाळीत नात रेवा येणार, तोवर परिसर शंभर टक्के सेफ करायचा. आज विहिरीमागच्या बिळातली धामण सर्पमित्र परेशकडून उचलवली. तो म्हणत होता, बिनविषारी आहे, उंदीर खाते, राहू द्या. कामाला येणारी जनीही म्हणाली, दादा, ती राखणदार हाय, नका घालवू. शुद्ध अंधश्रद्धा! मी बी.एस्सी. आहे.

१४ सप्टेंबर
उंदीर. थोडेच. सीझनल असावेत.

२५ सप्टेंबर
थोडे नाहीत. गाडीची वायर कुरतडली. पनवेलहून औषध आणून प्रत्येक बिळात टाकलं. वहीत नकाशा काढलाय.

३ ऑक्टोबर
मेलेले उंदीर सतरा! आंब्याखाली घुबडही मरून पडलं. जनी म्हणते, तेच उंदीर खाऊन. असो. घुबड अशुभच. ही अंधश्रद्धा नव्हे, निरीक्षण.

९ ऑक्टोबर
उंदीर पुन्हा, दुप्पट. जनीचं मांजर चार दिवस दिसलं नाही. आवार फार गप्प असतं. शांतता हवी होती, पण ही आवडली नाही.

१४ ऑक्टोबर, दुपारी ४
लाकडांच्या ढिगामागून कुकरची शिट्टी, लांबलचक. बायकोला ओरडून सांगितलं, गॅस बंद कर. आशालता म्हणाली, कुकर घासायला पडलाय. हल्ली तिला कमी ऐकू येतं.

१६ ऑक्टोबर
पुन्हा शिट्टी. जनी ढिगाजवळ जायला तयार नाही. कामचुकारपणा! रेवाला घर-घर खेळायला ढिगावर पत्रा टाकून छान खोपटं केलं.

१९ ऑक्टोबर, दुपारी १
रेवा मुलीच्या गाडीतून उतरली ती थेट खोपट्याकडे धावली. शिट्टी झाली. जनीने तिला मागे खेचलं. वीतभर अंतर होतं. विषारी घोणस, माझ्या मनगटाएवढी जाड. शिट्टी तिचीच. माझे पाय हललेच नाहीत. हे इथेच लिहितो, कुठे बोलणार नाही.

दुपारी ३
मुलगी रेवाला आणि आशालताला घेऊन तडक परत गेली. पुन्हा आणणार नाही म्हणाली. घोणस धामणीच्या बिळात शिरली. परेशला फोन केला. उंदीर असले की बीळ रिकामं राहत नाही, म्हणे. ती धामण परत मिळेल का, विचारलं. म्हणाला, जंगलात सोडली साहेब, लॉकरमध्ये नाही ठेवली. तो संध्याकाळी येईल.
जनीला विचारलं, राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालता येईल का. म्हणाली, नारळ कशाला दादा, ती उंदरांवर खूश व्हती.

दुपारी ३.४०
गाडीत बसलोय. काचा वर. गाडी सुरू होत नाही, वायर पुन्हा गेली असावी.
सीटखाली काहीतरी हलतंय. उंदीरच असू दे.