‘मर्क्यु’ एवढीच अक्षरं

शुक्रवार, १४ मार्च १९८६, सौंसर

आज सकाळी साडेदहाला घोळ झाला, आणि तो माझ्याच हातून. भाची वनिता गोरं व्हायचं क्रीम लावते. त्यात काय घातलंय ते डबीच्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलेलं, आणि नेमकं त्यावरच पांढुर्ण्याच्या दुकानदाराने किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. मी डबी गरम पाण्यात धरली. चिठ्ठी निघाली, छापलेलंही सोबत गेलं. उरलं फक्त ‘मर्क्यु’. मर्क्युरी म्हणजे पारा! मिशनच्या शाळेत थर्मामीटर फुटला की सिस्टर आम्हाला वर्गाबाहेर काढायच्या. ही महिनाभर तो गालांना चोळून राहिली. राखेसारखे डाग पडलेत.

“कुठं लिहिलं आहे, मावशी? दाखव ना,” म्हणाली. काय दाखवू? “बंद केलं तर अजून काळी पडीन. पुढच्या रविवारी पाहुणे पाहायला येऊन राहिले.”

दुपारच्या बसने पांढुर्ण्याला गेले. दुकानदार म्हणे, “बाई, अख्खं गाव लावून राहिलं.” म्हटलं, “अख्खं गाव गोटमारीच्या जत्रेत एकमेकांचे दगडही खातं.” हसला. पण दुसऱ्या डबीवरची चिठ्ठी काही काढू देईना.

गल्लीभरचे इंग्रजी कागद मी वाचून देते, आणि घरच्या पोरीचा कागद मीच धुवून टाकला. आत्ताही ती आरशापुढेच आहे.

उद्या पहिल्या बसने दुकानदाराच्या हातात पत्र देणार: डबीत काय काय आहे ते सही करून लिहून द्या. माझं ती ऐकत नाही, लिहिलेलं ऐकेल. उत्तर लेखी हवं, बुधवार, १९ मार्च, दुपारी बाराच्या आत.