पेज दिसली की येणारी थरथर

बाबा, गेल्या आठवड्यात एका दुपारी लेकीने चंद्रपूरहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहून गेलंय असं सारखं वाटतंय. व्हिडिओत तिचा मुलगा आहे, तुमचा पणतू. नुकता बसायला लागलाय. आई वाटी घेऊन समोर येते, चमचा वाटीला लागून आवाज होतो, आणि त्याच्या दोन्ही मुठी आवळतात, मान जराशी आखडते, खांदे थरथर कापतात, थंडीत पाठीवर गार पाण्याचा तांब्या ओतावा तसे. क्षणभरच. मग तो तोंड उघडून घास मागतो, जणू काही झालंच नाही. खाली लेकीने लिहिलं होतं, 'आई, हे काय आहे? लगेच फोन कर.' मी फोन केला आणि आधी मोठ्याने हसले. ती भडकली. "माझा इथी जीव चालला अन् तू हसून काय राह्यली, आई?" तिला काय सांगू, की हे सगळं मी पूर्वी पाहिलेलं आहे. तेव्हा मांडीवर ती होती, वाटी माझ्या हातात होती आणि घरापुढच्या सपरीत तुमची भट्टी पेटलेली होती.

त्या वर्षी पहिली लेक घेऊन मी गोंडपिपरीहून दिवाळीला माहेरी आले होते. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आरमोरीजवळचं आपलं ते घर आत्याबाईच्या हातात होतं. तुमची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली, मला न्हाऊमाखू घालून वाढवलेली, आणि तुमच्यावर हुकूम चालवणारी गावातली एकमेव बाई. हलक्या धानाची कापणी तोंडावर आली होती. सगळ्या गावाचे विळे एकाच दिवशी बोथट झाल्यासारखे तुमच्यापुढे येऊन पडायचे आणि दाते पाडून घ्यायला माणसं सपरीत उकिडवी बसून राहायची. मी आतून बघत असे. हातोडा धरला की तुमचा हात कसा सरळ पडायचा, आणि चहाचा पेला धरला की तोच हात कापायचा. आत्याबाईला तुम्ही रोज तेच सांगायचात, "अर्धाच पेला दे, बाई. पुरा देशीन त अर्धा जमीनच पिते." बसलेली माणसं हसायची. तुम्हीही हसायचात. हात असा का कापतो हे कुणी विचारलं नाही, आम्हालाही कधी सुचलं नाही. कुणाचं नाक मोठं असतं, तसा तुमचा हात कापरा.

लेक त्या दिवसांत तांदळाची पेज खायला शिकत होती. वाटी दिसली की ती अशीच थरथरायची. पहिल्यांदा मला वाटलं थंडी वाजली, म्हणून कुंची घातली. मग ते रोज होऊ लागलं, कधी एका जेवणात दोनदाही, आणि मी आत्याबाईला हाक मारली. आत्याबाईने पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली आलं. "मिरगी आहे," ती हळूच म्हणाली, भिंतींनाही ऐकू जाऊ नये अशी. भाऊबीजेला तुमचे जावई मला न्यायला येणार होते. त्याच्या आत काय ते करायला हवं होतं. "मिरगीची पोरगी म्हणून नाव झालं त तुले कोण नांदवन? हिले उद्या कोण करन? जावईबुवा याच्या आत डागून टाकू. सकाळीच डागणाऱ्या म्हातारीले बोलावतो."

तेव्हा त्यात कुणाला नवल वाटत नसे. मूल झटके देतंय, दूध टाकतंय, त्याची छाती उडतेय, की त्याला डागायचं. विळ्याचं टोक लाल करायचं आणि पोटावर टेकवायचं. डाग देणारी म्हातारी वेगळी होती, पण लोखंड तापायचं आपल्याच भट्टीत, कारण लोहाराच्या विस्तवाला गुण असतो असं सगळे मानायचे. तुम्ही कधी कुणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लोक मूल घेऊन यायचे, विळा निखाऱ्यात खुपसायचे, तुम्ही भाता ओढत राहायचात आणि लोखंड लाल झालं की उठून मागच्या विहिरीवर जायचात. लहानपणी मला वाटायचं, भट्टीपाशी बसून तुम्हाला तहान लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी येऊन ओट्यावर बसली आहे. विळे घेऊन आलेली माणसं आहेतच. आत्याबाईने घरातला जुना विळा घासूनपुसून आणलाय आणि ती तुमच्यापुढे उभी आहे. मी दारात लेकीला छातीशी धरून नुसती रडतेय. आत्याबाई विळा पुढे करते. तुम्ही घेत नाही. भाता ओढणारा तुमचा हात थांबलाय.

"नाई जमत, बाई," तुम्ही म्हणता.

"काऊन नाई जमत? अख्ख्या गावाच्या लेकरायले जमते अन् आपल्याच लेकराले नाई?" तिचा आवाज चढतो, आणि मग एकदम उतरतो. "भाऊ, तुलेबी असंच होये. पेज दिसली का थरथर कापे तू. मायनं डागलं, मी तुये पाय धरले होते. म्हणून आज हातोडा मारून राह्यला तू."

हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या पोटावरचे ते गुळगुळीत, चकचकीत वण मी लहानपणापासून पाहत आले होते. भट्टीतली ठिणगी उडाली असेल असं धरून चालले होते. तुम्ही बनियन वर केली. तुमच्या बहिणीला नव्हे, बसलेल्या माणसांना दाखवत असल्यासारखी. "मी डागानं जगलो का डाग सोसून जगलो, कोणाले मालूम, बाई?" एवढं बोलून तुम्ही उठलात, लोखंड विझवायची पाण्याची बादली उचललीत आणि भर कापणीच्या दिवसांत पेटलेल्या भट्टीवर ओतलीत. फस्सकन आवाज झाला, वाफ आणि राख सगळ्या सपरीत भरली, आत्याबाईचं लुगडं माखलं. इतक्या माणसांचे विळे पडलेले असताना लोहाराने भट्टी विझवली हे त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. "आजपासून या भट्टीत लेकराले लावाचं लोखंड तापणार नाई," तुम्ही म्हणालात. "माह्याच नाई, कोणाच्याच लेकराले." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "अन् तू? माय आहे न तिची? चूप काऊन बसली? साडी बदल, बस निघते." तुम्ही मला आयुष्यात फार थोड्या वेळा रागावलात. हे त्यातलं सगळ्यात उपयोगाचं.

आरमोरीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, मूळचे आपल्याच भागातले, सावलीकडचे, त्यामुळे तुम्हाला जरा बरं वाटलं. पण लेक तिथे कशाला थरथरतेय? डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीकडे टकमक बघत बसली. मी सांगू लागले तर मलाच ते खोटं वाटायला लागलं. तेव्हा तुम्ही पिशवीतून पेजेचा डबा काढलात, वाटी काढलीत, चमचा काढलात. निघताना माझं लक्ष नसताना हे सगळं तुम्ही कधी भरून घेतलंत कोण जाणे. वाटीवर चमचा वाजवलात. तुमच्या कापऱ्या हाताने तो हवा त्यापेक्षा जास्तच वाजला. आणि पोर मुठी आवळून अशी थरथरली की डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. पुन्हा करायला लावलं. मध्येच तिला हाक मारली, तिने त्यांच्याकडे पाहिलं. झोपेत होतं का, अंग निळं पडतं का, नंतर मलूल होते का, आधी येत होतं ते काही विसरली का, असं एकेक विचारत गेले. सगळ्याला नाही.

"आकडी नाही दिसत ही," ते म्हणाले. "पेज पाहून खूश होते लेकरू, अन् खुशी अंगात मावत नाही. काही लेकरांना होतं असं. मोठं होता होता आपोआप जातं." तरी खात्रीसाठी एकदा नागपूरला मेंदूची तपासणी करून घ्या म्हणाले. झटके लागोपाठ यायला लागले, नजर वर गेली, शिकलेलं विसरायला लागली, तर घरी थांबू नका, हेही बजावलं. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कुणाचे हात कापतात का? कधीकधी अशा घरात असतं." तुम्ही दोन्ही हात टेबलाखाली घेतलेत. मीच सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी होतात. बाहेरचे धानाचे बांध बघत होतात. मग माझ्याकडे न बघताच म्हणालात, "म्हणजे मलेबी कायीच झालं नव्हतं?" पिकल्या केसांचा माणूस, आणि त्याला त्या दिवशी कळत होतं की पेज पाहून आनंद झाला म्हणून त्याला डागलं होतं. मला वाटलं तुम्ही रडाल, नाहीतर बहिणीवर चिडाल. तुम्ही डबा उघडलात आणि उरलेली पेज नातीला भरवायला घेतलीत. बसचे धक्के आणि तुमचा हात, निम्मी पेज तिच्या झबल्यावर आणि निम्मी तुमच्या धोतरावर. ती थरथरली की तुम्ही खदखदून हसायचात. सगळी बस वळून बघत होती आणि तुम्ही जणू स्वतःलाच भरवत होतात. इतकं हसताना मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर तुम्ही आत्याबाईला एवढंच म्हणालात, "बाई, आपोआप जाते म्हणते डॉक्टर." ती चुलीपुढे बसून रडली. थांबणारच होतं ते थांबलं आणि नाव विळ्याचं झालं, हे तिच्या लक्षात आलं होतं. "मी पाय धरले होते, भाऊ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "लेकरूच होती तू," तुम्ही म्हणालात. भाऊबीजेला तिने तुम्हाला ओवाळलं. तुम्ही ताटात ओवाळणीचा रुपया टाकायला हात पुढे केलात, तो कापायला लागला, आणि तिने तुमचं मनगट धरून ठेवलं, रुपया ताटात पडेपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वेळ. संध्याकाळी तुमचे जावई आले, तशी आत्याबाईने पेजेची वाटी घाईने पाठीमागे लपवली. आम्ही दोघींनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मंग वाटी लपवून काऊन ठेवली? द्या न तिले पेज." नागपूरची तपासणी चांगली आली आणि लेक धावायला लागेपर्यंत ती थरथर कधी गेली हे कुणालाच कळलं नाही.

त्यानंतरही लोक मूल घेऊन यायचे. तुम्ही हातातलं काम खाली ठेवायचात, खुंटीवरचा सदरा अंगात घालायचात आणि म्हणायचात, "चाला, मी येतो संगं दवाखान्यात." काही जण आलेही. काही जण रागावून दुसऱ्या गावच्या लोहाराकडे गेले, लोहाराला शिंगं फुटली म्हणाले. तुम्ही विळ्याला दाते पाडत राहिलात. मी तेव्हा गोंडपिपरीला माझ्या संसारात होते. तुम्हाला धन्यवाद म्हणायचं असतं हे डोक्यातही आलं नाही, आपल्यात कुठे कोण बापाला असं म्हणतं?

लेकीला मी डॉक्टरांकडे पाठवलंच, हसले असले तरी. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ पाहिला, बाळाला नीट तपासलं आणि जवळजवळ तेच सांगितलं जे आपण वाटी वाजवून ऐकून आलो होतो. त्यांनीही विचारलं, घरात कुणाचे हात कापतात का. लेक म्हणाली, "आईचे बाबा होते, त्यांचे." काल ती त्याला घेऊन आली. मी त्याला पायांवर घेऊन आंघोळ घातली. पोट कसं तुकतुकीत, साबणाने हात सटकतो इतकं. त्याच्या आईचंही असंच होतं, अजूनही आहे. लोकांना वडिलांनी दिलेलं शेत दाखवता येतं, घर दाखवता येतं. तुम्ही जे दिलंत ते या दोन पोटांवर कुठेच दिसत नाही. मला मात्र रोज दिसतं. तुमचे फार उपकार आहेत, बाबा. म्हणून टाकलं एकदाचं.

हा कागद मी घडी करून साड्यांखाली ठेवीन, कुणाला दाखवणार नाही, कारण अक्षर पाहिलं की लेक ओळखेल. दिवाळीपासून माझाही हात कापायला लागलाय. चहाचा पेला मी आता अर्धाच भरून घेते, आणि घरात सांगते की चहा कमी केलाय.